गुऱ्हाळवाल्या काकांची दोन खाती

"मी बालाघाटला असते," असे सांगितले की बिदर-उदगीरकडची मंडळी लगेच म्हणतात, "म्हणजे आमच्या डोंगराकडंच की!" त्यांच्या डोळ्यांसमोर मराठवाड्यातून बिदरच्या हद्दीपर्यंत येणारी बालाघाटची डोंगररांग असते. माझे बालाघाट ते नव्हे. माझे बालाघाट मध्य प्रदेशातले, गोंदियाच्या पलीकडचे, वैनगंगेच्या काठचे. आमचे हे भरवेलीच्या मँगनीज खाणीत नोकरीला आहेत. मी घरी बसून दुकानांसाठी आणि लहान कारखान्यांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर करते आणि सांभाळते. करण्यापेक्षा सांभाळण्यातच जास्त वेळ जातो, हे या धंद्यात पडल्यावर कळले.

माहेर निपाणीचे. वडील मराठी, आई गोकाककडची, तिचे शिक्षण कन्नड शाळेत झालेले. आमच्या घरात जेवायला वाढताना कन्नड, रागावताना मराठी आणि हिशेबाला दोन्ही. वडिलांचे खते आणि बियाण्यांचे दुकान होते. ते उधारीची वही मराठीत लिहीत. आईने तिची वेगळी वही कन्नडमध्ये ठेवली होती. रोज रात्री दुकानाची फळी पडली की वडील आकडे वाचायचे आणि आई आपल्या वहीत बोट फिरवायची. सगळे जुळले की ती म्हणायची, "लेक्क बराबर ऐति." हिशेब बरोबर आहे. मगच ताटे मांडली जायची.

वडील गेल्यावर दुकान दादाकडे आले. २०१८ साली मी त्याला म्हटले, "दादा, वह्या पुरे. मी तुला संगणकावर सगळं करून देते." त्या एका वाक्यापासून ही गोष्ट सुरू होते.

घर बांधायचा तयार सांगाडा

इंटरनेटवर चालणारा प्रोग्रॅम हल्ली कुणी पहिल्या विटेपासून बांधत नाही. लोकांची ओळख पटवणे, माहिती साठवणे, फॉर्म दाखवणे, पावती छापणे ही कामे सगळीकडे सारखीच असतात. ती आधीच करून ठेवलेला सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. आपण त्यावर आपल्या गरजेच्या भिंती चढवायच्या. डेन्मार्कच्या डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये 'रूबी ऑन रेल्स' हा सांगाडा जगासाठी खुला केला. २००५ मध्ये 'जँगो' आला. वृत्तपत्राच्या वाचकांना सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे हा जँगो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या गावच्या एका दैनिकाच्या कचेरीत जन्मला. बातम्या वेळेवर संकेतस्थळावर चढवता याव्यात म्हणून तिथल्या मुलांनी तो तयार केला होता.

मी निवडला तो आपल्या मुंबईचा. त्याचे नाव 'फ्रापे'. ऋषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा कारखाना होता. त्या कारखान्याच्या कामासाठी योग्य सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून ते स्वतः प्रोग्रॅम लिहायला शिकले. त्यातून 'ईआरपीनेक्स्ट' हे व्यवसायाच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि त्याच्या खालचा 'फ्रापे' हा सांगाडा उभा राहिला. दोन्ही मुक्त आहेत. कुणीही घ्यावे, वापरावे, आत काय आहे ते उघडून पाहावे.

फ्रापेमध्ये प्रत्येक गोष्टीचा एक नमुना असतो, त्याला 'डॉकटाइप' म्हणतात. छापखान्यातून पावतीपुस्तक करून घेताना आपण रकाने सांगतो ना, नाव, तारीख, माल, वजन, रक्कम? तसेच हे. एकदा रकाने सांगितले की साठवायची जागा, भरायचा फॉर्म, यादी आणि कुणी काय पाहावे याचे नियम हा सांगाडा आपणच तयार करतो. निपाणीच्या दुकानाचे काम मी दीड महिन्यात संपवले. दादा खूश होता. आईने मात्र तिची वही बंद केली नाही. "असू दे. मला झोप येत नाही लिहिल्याशिवाय," एवढेच म्हणाली.

सांगाडा हलतो तेव्हा

घर बांधून झाल्यावर त्याचा सांगाडा बदलत नाही. आमच्या धंद्यात बदलतो. ब्राउझर बदलतात, सुरक्षेतल्या फटी सापडतात, सरकारचे नियम बदलतात आणि ज्या भाषेत हा सांगाडा लिहिला तीही बदलते. नवी आवृत्ती निघाली की जुनीची डागडुजी काही काळ चालते आणि मग थांबते. गूगलचा 'अँग्युलरजेएस' नावाचा सांगाडा २०१० मध्ये आला. २०१६ मध्ये त्याच नावाचा पुढचा आला तो इतका वेगळा, की जुने काम जवळजवळ नव्याने लिहावे लागले. जुन्याची देखभाल २०२१ संपताना बंद झाली. ज्यांनी हलायचे टाळले त्यांची दुकाने चालू राहिली, पण दाराचे कुलूप मोडके राहिले.

इथल्या लोकांना मी रेल्वेचे उदाहरण देते. बालाघाटची गाडी पूर्वी नॅरोगेज होती, दोन रुळांत ७६२ मिलिमीटर अंतर. आता ब्रॉडगेज आहे, १६७६ मिलिमीटर. गाव तेच, स्टेशन तेच, पण जुना एकही डबा नव्या रुळावर चालत नाही. शिवाय रूळ बदलायचे काम चालू असते तेव्हा माणसांना बसने जावेच लागते. मिरज-बेळगाव मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला तेव्हाचे हाल आपल्याकडच्या जुन्या प्रवाशांना आठवत असतील.

मी २०१८ मध्ये बसवली ती ईआरपीनेक्स्टची दहावी आवृत्ती 'पायथॉन २' या भाषेवर चालत होती. त्या भाषेची देखभाल १ जानेवारी २०२० ला संपली. २०२१ मध्ये तेरावी आवृत्ती आली, तिला 'पायथॉन ३'च लागत होते. म्हणजे मला रूळ बदलणे भाग होते.

पंधरा, पाच आणि तीन

दोन भाषांच्या घरात वाढलेल्यांना आवडेल अशी एक गंमत इथे सांगते. 'मराठी' या शब्दात अक्षरे किती? आपण म्हणू तीन: म, रा, ठी. 'कन्नड' या शब्दात? तीनच: क, न्न, ड. जुन्या पायथॉनला साध्या पद्धतीने विचारले तर तो 'मराठी'चे उत्तर पंधरा देत असे, कारण तो अक्षरे न मोजता बाइट मोजायचा आणि आपल्या लिपीतल्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. नवा पायथॉन पाच म्हणतो: म, र, काना, ठ आणि वेलांटी. कन्नड लिपीत लिहिलेल्या 'कन्नड'चेही तसेच. जुन्यात पंधरा, नव्यात पाच: क, न, अर्धे करणारी खूण, न, ड. आपल्या दोन्ही भाषांची नावे संगणकाच्या तराजूत एकाच वजनाची भरतात, हे कळले तेव्हा मी आईला फोन करून सांगितले. ती म्हणाली, "तुझ्या वडिलांना सांगायला हवं होतं. ते म्हणायचे, मराठी जड आहे."

पण याच गमतीने मला त्रासही दिला. पावतीवर नाव वीस खुणांत बसावे म्हणून माझ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये मी वीसऐवजी साठ ही मर्यादा लिहिली होती, वीस गुणिले तीन. नवा पायथॉन साठ बाइट मोजेना, साठ खुणा मोजू लागला. परिणाम असा, की लांब नावे पावतीवर रकमेच्या रकान्यात घुसली. ते लगेच दिसले, लगेच दुरुस्त केले. दिसणाऱ्या चुकीची मला कधी भीती वाटत नाही.

न दिसणारी चूक

तेराव्या आवृत्तीचे रूप नवे आणि सुटसुटीत होते. तो काळ कोरोनाचा होता. दादा आणि भाचा दुकानातल्या संगणकाऐवजी हातातल्या फोनवरूनच नोंदी करू लागले. मला त्यात वावगे काहीच वाटले नाही. उलट बरे वाटले.

आमच्या उधारीच्या खात्यांत बऱ्याच जणांची नावे आडनावाने नाहीतच. खेड्यात तसे नसतेच. 'वरची विहीर', 'पाटलाचा वाडा' अशी खाती. त्यातले एक 'गुऱ्हाळ' या शब्दाने सुरू होते. गुऱ्हाळवाले काका वडिलांच्या वेळचे गिऱ्हाईक. आई त्यांना 'आलेमने काका' म्हणते, कन्नडमध्ये गुऱ्हाळाला आलेमने म्हणतात म्हणून. उसाला खत उधार न्यायचे आणि पहिल्या गुळाचे पैसे आले की एकरकमी फेडायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा रिवाज.

२०२२ च्या जानेवारीत त्यांनी अठरा हजार चारशे रुपये रोख आणून दिले. भाच्याने फोनवर 'गुऱ्हाळ' लिहून खाते शोधले. सापडले नाही. फोनने विचारले, नवे खाते उघडू का? त्याने हो म्हटले आणि रक्कम जमा केली. फेब्रुवारीत दादाने थकबाकीची यादी काढली. तिच्यात काकांच्या नावावर अठरा हजार चारशे येणे दिसत होते. यादीच्या तळाशी, दुसऱ्या पानावर, तीच रक्कम वजा चिन्हासह एका नव्या खात्यात पडली होती. तळाशी कुणी पाहिले नाही. काका बियाणे घ्यायला आले, दुकानात चार-सहा माणसे होती, आणि गल्ल्यावरच्या मुलाने मोठ्याने विचारले, "काका, मागची बाकी कधी देताय?"

काका काही बोलले नाहीत. बियाणे तसेच ठेवून निघून गेले. पुन्हा आले नाहीत.

दादाला पंधरा दिवसांनी चाहूल लागली. आईने वही काढली. जानेवारीच्या पानावर कन्नडमध्ये स्वच्छ लिहिले होते: आलेमने, अठरा हजार चारशे, 'मुट्टितु'. म्हणजे पोहोचले.

त्या रात्री मी बालाघाटला बसून तीन तास शोधत होते. दोन्ही नावे पडद्यावर शेजारी शेजारी ठेवली. डोळ्याला काडीचाही फरक दिसेना. मग आतले क्रमांक काढले आणि उलगडा झाला. 'गुऱ्हाळ'मधला तो पापणीसारखा दिसणारा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला वेगळा ऱ घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडखूण. दिसायला दोन्ही सारखेच. दुकानातल्या संगणकाचा कीबोर्ड पहिल्या तऱ्हेने लिहीत होता, भाच्याचा फोन दुसऱ्या. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी माणसे होती.

दोष कीबोर्डचा म्हणता येईल, भाच्याचा म्हणता येईल. तो माझा होता. या सांगाड्यात प्रत्येक नोंदीला एक ओळख लागते. ग्राहकाची ओळख त्याचे नाव ठेवायची की त्याला क्रमांक द्यायचा, हे बसवणाऱ्याने ठरवायचे असते. काही ठरवले नाही तर नावच ओळख होते. मी २०१८ मध्ये काही ठरवले नव्हते. दादाला यादीत नावे दिसलेली आवडतात, एवढाच विचार केला होता. शिवाय नवी आवृत्ती चढवल्यावर पावती नीट छापते का ते पाहिले. माणसे कशी नोंद करू लागली आहेत, ते पाहायला गेले नाही.

गुऱ्हाळावर

फोनवर माफी मागून भागण्यासारखे नव्हते. मी गोंदियाला जाऊन महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली. गोंदियाहून थेट कोल्हापूरपर्यंत जाणारी ही गाडी म्हणजे आमच्यासारख्या माहेरवाशिणींचा आधार. कोल्हापूरहून एसटीने निपाणी.

दादा आणि मी गुऱ्हाळावर गेलो तेव्हा काहिलीत रस उकळत होता. काकांनी बसायला पोते टाकले. मी सगळे सांगायला सुरुवात केली, दोन तऱ्हेचे र, फोन, खाती. त्यांनी निम्म्यातच हात वर केला.

"पैशाचं काय न्हाई, पोरी. चार माणसांत इचारलं, तेवढं लागलं."

आम्ही गप्प बसलो. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आई अजून लिवती का वहीत?"

"लिहिते."

"मग तेवढं ऱ्हाऊ दे."

निघताना त्यांनी काकवीची बाटली हातात दिली. पुढच्या बाजारी ते दुकानात आले. गल्ल्यावरच्या मुलाने सगळ्यांसमोर, मोठ्यानेच, सांगितले की काकांची बाकी नव्हती, चूक आमची होती. हे दादाने त्याला सांगून ठेवले होते. मला वाटते, सॉफ्टवेअरमध्ये मी पुढे जी दुरुस्ती केली तिच्यापेक्षा ही दुरुस्ती मोठी होती.

मी काय बदलले

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी दुकान, दूधसंस्था किंवा एखादा लहान कारखाना असेल आणि कुणी भाचा-पुतण्या त्याचे सॉफ्टवेअर सांभाळत असेल. त्यांच्या उपयोगाचे म्हणून लिहिते.

पहिले, माणसाची ओळख नावावर ठेवू नये. आता प्रत्येक खात्याला क्रमांक आहे. तो कधी बदलत नाही. नाव मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, कसेही लिहा, खाते एकच राहते. नाव साठवताना दोन तऱ्हांचा र एकाच तऱ्हेचा करून घेणाऱ्या चार ओळीही मी लिहिल्या.

दुसरे, नवी आवृत्ती चालू दुकानावर थेट चढवू नये. आदल्या दिवशीचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडायचा, आवृत्ती तिथे चढवायची आणि आधीची एकूण येणे रक्कम, नंतरची एकूण येणे रक्कम, खात्यांची संख्या, सगळे कागदावर जुळवायचे. ज्या बॅकअपातून माहिती परत उघडून पाहिलेली नाही तो बॅकअप आहे, असे धरू नये. आणि पेरणीच्या तोंडावर किंवा दिवाळीच्या आठवड्यात काही म्हणजे काही बदलू नये.

तिसरे, यादीतल्या वजा रकमा रोज पाहाव्यात. माणसाची उलट बाकी क्वचितच असते. बहुतेक वेळा ती आपली चूक असते.

ही शिस्त पुढच्याच वेळी कामी आली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये चौदावी आवृत्ती निघाली. तिच्यात ईआरपीनेक्स्ट हलके करण्यासाठी काही विभाग मूळ सॉफ्टवेअरमधून काढून वेगळे केले होते. कामगारांचे पगार वेगळे, भारतातील जीएसटीचे नियम वेगळे. जीएसटीचा भाग निराळा बसवला नाही तर करांचे रकाने सापडत नाहीत. सीमेवरच्या दुकानाला हे केवढे महाग पडले असते! निपाणीत कोल्हापूरच्या घाऊक व्यापाऱ्याचे बिल परराज्यातले, त्याला आयजीएसटी. बेळगावचे बिल राज्यातलेच, त्याला सीजीएसटी आणि एसजीएसटी. कोल्हापूर जवळ आणि बेळगाव लांब असले तरी कर उलटा. २०२३ च्या उन्हाळ्यात मी आधी दुसऱ्या संगणकावर चढवून पाहिले म्हणून ते तिथेच लक्षात आले. दुकानाला कळलेसुद्धा नाही. सांभाळणाऱ्याचे काम चांगले झाले की कुणाला कळत नाही, हे आम्हा बायकांना सांगायला नको.

आठशे शहाण्णवची बेरीज

आईची एक जुनी मागणी होती, की कन्नड गिऱ्हाइकांना पावती कन्नडमध्ये मिळावी. युनिकोड नावाच्या जागतिक पद्धतीत प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक खुणेला क्रमांक आहे. देवनागरी 'क'चा क्रमांक २३२५, कन्नड 'क'चा ३२२१. फरक ८९६. 'न' घ्या, 'ड' घ्या, 'ळ' घ्या, फरक तोच. आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठी आधी जी मांडणी ठरली होती तीच युनिकोडने घेतली, म्हणून सगळ्या लिप्या एकाच क्रमाने रांगेत उभ्या आहेत. मी प्रत्येक खुणेत ८९६ मिळवले आणि मराठी नावे कन्नड लिपीत उतरली.

आईने पहिली पावती वाचली आणि पोट धरून हसली. "आलेऽमनेऽ!" मराठीत ए एकच. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन. बेरीज केली की दर वेळी दीर्घच येतो. आलेमनेतले दोन्ही ए ऱ्हस्व हवे होते. बेळगावाचेही तसेच झाले. शेवटी आईने सगळी नावे एकेक करून तपासून दिली. आकड्यांनी लिपी बदलते, उच्चार घरच्या माणसालाच विचारावा लागतो.

बालाघाटचे अक्षर

आई गेल्या हिवाळ्यात बालाघाटला आली होती. इथेही आपल्यासारखेच आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. त्याच दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले आणि शेजारचे बालाघाट मागे राहिले. लांजी-किरनापूरकडे आजही मराठी कानावर पडते, पोवारी पडते, कचेरीत हिंदी. आणि बाजारात गोंडी.

बाजारात एक बाई टोपल्या मोजत होती, "उंदी, रंड, मूंद, नालुंग." आई थबकली. मग आपल्या बोटांवर मोजू लागली, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु." गोंडी ही कन्नडच्याच द्राविड कुळातली, हे तिला कुणी सांगितले नव्हते. तिने ऐकूनच ओळखले. त्या दोघींचे पुढे दहा मिनिटे काय बोलणे झाले ते मला नीट कळले नाही, पण टोपली स्वस्तात मिळाली.

गोंडीला स्वतःची लिपी मिळवून देण्याचा एक प्रयत्न याच बालाघाट जिल्ह्यात झाला. मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली तिच्यासाठी अक्षरे तयार केली. ती 'मसराम गोंडी' म्हणून २०१७ मध्ये युनिकोडच्या दहाव्या आवृत्तीत आली. जवळजवळ शंभर वर्षांनी. मी मुद्दाम त्या अक्षरांत एक नाव फ्रापेमध्ये साठवून पाहिले. आधी पडद्यावर नुसते चौकोन आले, कारण टंक नव्हता. 'नोटो' नावाचा मोफत टंक बसवल्यावर अक्षरे उमटली.

ही साधी गोष्ट नाही. आपल्या अक्षराला तीन बाइट पुरतात, मसराम गोंडीच्या अक्षराला चार लागतात. माहितीकोशाची जुनी मांडणी तीनच बाइटपर्यंत जात होती. चार बाइटची मांडणी फ्रापेने आवश्यक केली तेव्हा जुन्या सर्व्हरवर ती बदलताना मी किती कुरकुर केली होती! "उगाच बदलतात," असे मीच म्हटले होते. त्या बदलाशिवाय या जिल्ह्यातल्या माणसाचे नाव त्याच्या लिपीत माझ्या वहीत मावले नसते.

बदल सगळेच चांगले नसतात, सगळेच वाईट नसतात. ते करताना कुणाचे नाव, कुणाची रक्कम आपल्या हातात आहे, हे विसरायचे नाही, एवढेच मला गुऱ्हाळवाल्या काकांनी शिकवले.

आता आमची एक पद्धत ठरली आहे. नवी आवृत्ती चढवायची ठरली की मी रात्री निपाणीला फोन लावते. मी बालाघाटला पडद्यावरचे आकडे मराठीत वाचते. आई तिथे चष्मा लावून तिच्या वहीत बोट फिरवते. काही अडले की दोघी थांबतो, शोधतो. सगळे जुळले की पलीकडून आवाज येतो, "लेक्क बराबर ऐति."

मगच मी कळ दाबते. मगच दोन्हीकडे ताटे मांडली जातात.